काचेत पाणी नव्हतं

मामा, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली, आणि वाचता तर तुम्हाला तेव्हाही येत नव्हतं, तरी लिहितो आहे. तुम्ही हयात असताना बोलायची संधी रोज होती, पण माझी जीभ रेटली नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा गळीत हंगाम. मी डिप्लोमा करून साखर कारखान्यात नुकता लागलेलो, तुम्ही बॉयलरवरचे जुने फायरमन. मला बॉयलर इंजिनियरच्या परीक्षेला बसायचं होतं आणि त्यासाठी बॉयलरवर काम केल्याचा, चीफ इंजिनियरच्या सहीचा दाखला लागायचा. म्हणून मी तुमच्या पाळीत, पुस्तक सदा काखेत. तुम्ही भट्टीत उसाचा चोथा सारता सारता चिडवायचात, "सायेब, त्या पुस्तकाला हात लावून बगा, पोळतंय का." पण शिकवायचात मनापासून. पंप कसा कुरकुरतो, धुराचा रंग काय सांगतो, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरून नजर का हलवायची नाही, सगळं तुमच्याकडून कळलं. तुमच्या डब्यातली हुलग्याची शेंगोळी निम्मी मीच खायचो.

त्या दुपारी मीच म्हणालो, "मामा, तुम्ही निवांत जेवा, काच मी बघतो." तुम्ही पलीकडे जाऊन बसलात आणि मी पुस्तक उघडलं. सुरक्षेचाच धडा होता, हे आठवलं की आजही मान खाली जाते. वर पाहतो तर काच रिकामी. पाणी सोडायला मी व्हॉल्व्हला हात घालतो, तेवढ्यात तुम्ही मागून येऊन माझा हात असा झटकता की मी भिंतीवर आदळतो. वर एक थोबाडीतही बसते. "मरायचंय का तुला? तापून लाल झाल्या नळ्यांवर पानी सोडतो व्हय? बॉयलर फुटंल की!" एरवी मला सायेब म्हणणारे तुम्ही. मग तुम्ही आग ओढून बाहेर काढलीत आणि अख्खा कारखाना अर्धा दिवस थांबला.

चीफने दोघांना बोलावलं. बॉयलर शाबूत होता, त्यामुळे काय टळलं याचा पुरावाही उरला नव्हता. कारखाना का थांबला, एवढंच त्यांना हवं होतं. खरं सांगितलं असतं तर माझा दाखला गेला असता आणि त्याबरोबर परीक्षाही. मी लिहून दिलं की काचेत पाणी होतं, फायरमन उगाच घाबरला आणि त्याने माझ्यावर हात उचलला. तुम्ही एकदाच म्हणालात, "पानी न्हवतं, सायेब," आणि माझ्याकडे पाहिलंत. मी टेबलाकडे पाहत होतो. तुम्हाला बॉयलरवरून काढून ऊस टाकायच्या गव्हाणीवर धाडलं.

तोंडी परीक्षेत विचारलं, काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय कराल? मी म्हणालो, पाणी सोडणार नाही, आधी आग काढीन. परीक्षक खूश झाले. पेढे घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा पाचटाने तुमचे हात चिरलेले होते. "लई बेस झालं," म्हणालात. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर तब्येत बरी आहे ना. "हाय की," म्हणालात. तुम्ही शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

पुढे मी चीफ झालो. नव्या मुलांना शिकवताना हा प्रसंग सांगायचो. सुरुवातीला त्यात हात झटकणारा 'एक जुना फायरमन' होता. मग कधीतरी तो मी झालो, आणि व्हॉल्व्हकडे धावणारा कुणी कच्चा फायरमन. गेल्या महिन्यात माझ्या पंचाहत्तरीला एका जुन्या विद्यार्थ्याने माइकवरून तीच गोष्ट सांगितली. साहेबांनी त्या दिवशी माणसं वाचवली, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी उठून हात जोडले.

तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे. पाकिटावर तो लिहायलाही घेतला होता. पण हे वाचून तो चार लोकांना दाखवील, याची मला अजून भीती वाटते.