मुर्रूचा धावता फोटो

तीर्थस्वरूप मल्लेनाताई,

धाकट्या बाइन्झूचा नमस्कार. लेकीकडे तोरिनोत तुझे गुडघे बरे असतील असं लिहिणार होतो, पण तुझ्या गुडघ्यांना आजवर कुठलंच गाव मानवलेलं नाही. इकडे सगळे ठीक. लुसोरिओ जेवतो, पण तबेल्यात, मुर्रूच्या शेजारी बसून. तू घोडा विकायचं ठरवल्यापासून तुझा लेक माझ्याशी बोलत नाही, जणू घोडा मीच काढलाय विकायला.

ओझिएरीच्या गिऱ्हाइकाला मुर्रूचा धावता फोटो हवा, असं तू कळवलंस. मी काढला. त्यात मुर्रू पेंढा भरून ठेवल्यासारखा दिसला. म्हणून लग्नाचे फोटो काढणाऱ्या बोनारियाबाईंकडे शिकायला गेलो. (बाई अजून तशाच. नवरीलासुद्धा दरडावून हसवतात.) त्यांनी सांगितलं की कॅमेऱ्याचा पडदा जरा सावकाश मिटू द्यायचा, पाय रोवायचे, कमरेतून घोड्याबरोबर वळायचं आणि बटण दाबल्यावरही वळतच राहायचं. मग मागचं जग फरफटतं आणि घोडा तेवढा स्वच्छ येतो. सराव मी आपल्या पाद्रीबाबांच्या सायकलवर केला. पहिल्या दिवशी नुसतं मागचं चाक आलं, दुसऱ्या दिवशी नुसती टोपी. आता फोटो चांगला यावा म्हणून ते इतके हळू जातात की दोनदा पडले.

हात बसल्यावर मी देवळाच्या वळणावर गेलो. रागावू नकोस. अंत्योगु भावोजी शर्यतीत मुर्रूवरून पडून जिथे गेले, तिथे वर्ष सरेपर्यंत गावातलं कुणी उभं राहत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाई म्हणाल्या होत्या की मागे गर्दी नको, आणि सगळ्या गावात तेवढीच जागा रिकामी. (गर्दी नको म्हणजे तिथे जा, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. ती अक्कल माझी.) भर दुपारी लुसोरिओने वर बसून मुर्रू भरधाव सोडला, मी कमरेतून वळलो, आणि फोटो असा आला की मीच खूश झालो. भिंत फरफटलेली, ऑलिव्हची झाडं फरफटलेली, मुर्रूच्या आयाळीचा केस न् केस मोजून घ्यावा. आणि मुर्रूच्या पलीकडच्या अंगाला एक माणूस, तोही तितकाच स्वच्छ. अंगात तोच तपकिरी मखमली कोट, ज्यात आपण भावोजींना पुरलं.

बाईंनी भिंग पुसलं, चष्मा पुसला आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "बाइन्झू, उभा माणूस भिंतीसारखा फरफटतो. घोड्याच्या वेगाने जो जातो, तोच असा येतो." ताई, मुर्रूच्या वेगाने कोण धावतं गं? लुसोरिओला विचारलं तर म्हणाला, त्याला कुणी दिसत नाही. पण त्या वळणावर मुर्रू आपण होऊन थोडा बाजूला सरतो, एका माणसापुरती जागा सोडतो, आणि लगाम ओढला तरी ऐकत नाही. हे त्याने मला घोड्याची खोड म्हणून सांगितलं. मी चीज खात होतो, ते तसंच हातात राहिलं.

फोटो गिऱ्हाइकाला पाठवला आहे. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
बाइन्झू

ता. क. गिऱ्हाइकाचा फोन आला. घोडा पसंत आहे. बरोबर पळणारा माणूसही घोड्याबरोबर मिळणार का, असं विचारत होता. चांगला दमदार वाटला म्हणे.

ता. क. खरं लिहायचं होतं ते हे, की मुर्रूला विकू नकोस. भावोजी पडले तेव्हा तो पळून गेला नाही, त्यांच्यावर सावली धरून उभा राहिला. तू त्याच्यावर राग धरलास, कारण कुणावर तरी धरायचा होता. मलाही त्यांची फार आठवण येते. लुसोरिओला तर बापाची म्हणून हीच एक जिवंत गोष्ट उरली आहे.

ता. क. पाकीट बंद करण्याआधी आज दुपारी पुन्हा एक फोटो काढला. मुर्रू फरफटलेला, लुसोरिओ फरफटलेला, नुसते भावोजी स्वच्छ. बाई ओरडल्या, की घोडा सोडून तू भलत्याच्याच मागे वळलास. खरंच वळलो असेन. कारण ते आता मुर्रूबरोबर नाहीत, डोक्यावर टोपी घालून बंदराच्या रस्त्याला लागले आहेत. बोट, मग आगगाडी. तोरिनोला पोचायला वेळ लागेल. तोवर घोड्याचं काय ते ठरवून ठेव, आणि दार वाजलं तर उघड. जन्मभर ते तुझ्यापुढे गप्प बसले. या खेपेला बसतील असं चेहऱ्यावरून वाटत नाही.