घोरपडीची निर्दोष सुटका

मी सारिंतेन, कै. कार्सोनो यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा सोयाबीन आंबवून त्याच्या वड्या, म्हणजे तेंपे, करून विकणे, राहणार गुनुंगकिदुल, जावा, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शेजारीण तुमिना हिचे मत वेगळे असल्यास तिने ते सहीच्या जागी लिहावे.

घर व मागचा फणस मुलगी रुक्मी हिला, आणि त्यासोबत तिचा भाऊ वासितो. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलतो, आनंद झाला की हात फडफडवतो. त्याला गप्प बस म्हणू नये. सोयाबीन भिजवायची पिंपे व तेंपेची सगळी भांडी त्याची.

आता मुख्य कलम. वासितो पोटात असताना माझ्या नवऱ्याने कोंबड्या पळवणारी एक घोरपड मारली. बायको गरोदर असताना नवऱ्याने जीव मारू नये, असे आमच्याकडे मानतात. पोर मोठे होऊ लागले तशी तुमिना गावभर सांगत सुटली, "हात बघा त्याचे! घोरपडच आलीय परत." कार्सोनो पुढे मासळीलाही सुरी लावेना. मरताना म्हणाला, "माझ्यामुळे झालं गं पोराचं."

नंतर सेमारांगहून संशोधन करणाऱ्या डॉक्टर निंग्रुम आल्या. आम्हा मायलेकांचे रक्त नेले, दंडाची चिमूटभर कातडी नेली. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "मावशी, त्याच्या एका जनुकात तीच अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिली गेलीत. म्हणून मेंदूला लागणारं एक प्रथिन तयार होत नाही. जनुक तुमच्याकडून आलंय, पण चूक कुणाचीच नाही."

"आणि घोरपड?"

"तिचा काय संबंध?"

मी पोट धरून हसले. वासितो "काय संबंध, काय संबंध" म्हणत नाचला. त्या दिवशी आम्ही कोंबडी कापली.

आमच्या कातडीपासून डॉक्टरांनी मेंदूच्या पेशी वाढवल्या आहेत. त्यांच्यावर औषधे तपासतात. हवे ते औषध अजून सापडलेले नाही, म्हणून माझ्यामागे त्या पेशी फेकू नयेत. तेवढी मी तिथे जिवंतच असेन. वासितोकडून पुन्हा काही घ्यायचे तर रुक्मीने त्याला विचारावे. तो नाही म्हणाला तर नाही.

रुक्मीच्या लेकीला, माझ्या नातीला, दिवस गेले आहेत. या जनुकाची तपासणी करायची की नाही ते तिने ठरवावे. तिच्या नवऱ्याने डास खुशाल मारावेत.

मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी सारे गाव जेवायला बोलवावे. आधी तुमिनाने सर्वांदेखत कार्सोनोच्या कबरीपाशी मोठ्याने म्हणावे, "तुमची चूक नव्हती." मग तिला वाढावे. पहिले ताट तिचेच.

सही: सारिंतेन
गुनुंगकिदुल, १४ मे २०२३

साक्षीदार:

हार्जोसुमार्तो, गावप्रमुख (सही)

तुमिना (सही). बुद्धी ठिकाणावर आहे. घोरपड मात्र खरंच मोठी होती. चाळिसाव्यापर्यंत कोण थांबतंय, सही करायच्या आधीच कबरीवर जाऊन कार्सोनोदादांना सांगून आले. वासितो सोबत होता. मी एकदाच म्हटलं, तो म्हणतच राहिला. आता ताट वाढ.