दगडातून गेलेलं वजन

राजूर, पौष, १९६२

इंदूबाई, जयभीम.

तुये मालक थंडीनं गेले, असं मी तुले सांगतलं. ते खोटं हाये.

चुन्याच्या भट्टीत दगड भाजला की जवळपास निम्मं वजन कमी होते. भाऊजीनं कामाच्या पहिल्याच दिवशी विचारलं, "बाकीचं जाते कुठं?" मी हसून म्हणलं, "हवेत."

त्या पहाटे ते कुडकुडत होते. मीच त्यायले भट्टीच्या काठावर, उबेले निजवलं. दगडातून निघालेली हवा जड असते, निजल्या माणसाचा श्वास बंद करते. मले ठाऊक होतं, पण त्यायची थंडी पाहून इसरलो.

आता इथं सात भट्ट्या जळून राह्यल्या. हे पत्रही मी भट्टीतच टाकतो, तेही हवेत जाईन. भाऊजी अजूनही रोज सपनात येऊन विचारतेत, "अन् हवा ते वजन कुठं ठेवते?"

तुया भाऊ,
गोविंदा