सतराच्या घरातला एक

अण्णा,

परवा नातवंडांनी माझं सहस्रचंद्रदर्शन केलं. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं आणि मी मेलीनं गुमान ओवाळून घेतलं. खरं तर चौऱ्याऐंशी हवे होते. हे ठाऊक असलेलं माझ्याखेरीज आता कुणी उरलेलं नाही. तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

तो दिवस अजून दिसतो. सातारच्या घरी माणसं मोजायला आलेला खानेसुमारीचा कारकून ओटीवर बसलाय. मी चहा आणते. तुम्ही सांगता, "मुलगी चौदा." तो माझ्याकडं बघतो. "आवं मास्तर, चौदाची वाटत न्हाई." "अंगानं थोराड आहे," तुम्ही म्हणालात. गणिताचे मास्तर तुम्ही! मला सतरा पुरी झाली होती. मॅट्रिकच्या अर्जावर जन्मतारीख लिहावी लागली असती, स्थळांना खरं वय कळलं असतं, म्हणून शाळाही बंद केलीत. मला परीक्षेला बसायचं होतं हो, अण्णा. किती रडले मी!

त्यात तुम्हाला कोष्टकाचं वेड लागलेलं. कारकुनाकडून पेठेची यादी उतरवून घेतलीत आणि दर वयाला एक घर आखलंत. वर्ष सरलं की माणसं पुढच्या घरात, मेलेली वजा, कुठल्या वयाच्या बायकांना किती मुलं होतात त्यावरून पहिल्या घरात नवी बाळं. असं करत वीस वर्षांनंतरची पेठ काढायची. शाळा सुटलेली मी बेरजा करायला. सोळा, सतरा, अठराच्या घरांत मुली जवळजवळ नाहीतच. "या पोरी गेल्या कुठं?" कपाळ चोळत तुम्ही विचारलंत आणि तापाच्या साथीत गेल्या असं धरून मोकळे झालात. पेठेतल्या सगळ्या बिनलग्नाच्या पोरी चौदात कोंबलेल्या, आणि गणिताच्या मास्तरांना दिसेना! मी म्हटलं, "अण्णा, मी कुठल्या घरात?"

"तोंड आवर. बेरीज कर."

तुमच्या कोष्टकात मेल्याशिवाय कुणी मागं राहत नव्हतं. मी मात्र जिवंतपणी तीन घरं मागं राहिले. सांगलीला दिलीत, तिथंही तेच वय सांगत जन्म काढला. नवरा माझ्याहून वर्षानं लहान निघाला. त्याला शेवटपर्यंत सांगू शकले नाही. हे पत्रही फाडणारच आहे, कुणाच्या हाती लागलं तर?

एक सांगते. यादीशी बेरीज जुळेना, एक माणूस जास्त येत होतं, तीन दिवस तुम्ही चूक शोधलीत. शेवटी वैतागून सतराच्या घरातला एक खोडलात. तो मी वाढवला होता, अण्णा, माझ्या नावाचा. चौदातला खोडायचा धीर झाला नव्हता.