घोट्याला बांधलेलं घड्याळ

चिमणे,

दुकानात चाललोय. तू दिलेलं घड्याळ टेबलावर चार्जिंगला लावलंय, तेव्हा फोनवर माझी नाडी दिसली नाही तर कालसारखी ऑफिस टाकून धावत येऊ नकोस. मी ठणठणीत आहे.

काल चूक माझीच. दिवसभर पायानं शिलाई मशीन मारतो, तरी ते लेकाचं म्हणतं, बसून आहात, उठा, चाला! वैतागून घोट्याला बांधलं. पावलं अकरा हजार झाली, पण नाडी गायब, आणि तुझ्या फोनवर बोंब.

दुकान बंद करणार नाही म्हणालो, तेव्हापासून आठ दिवस तुझा अबोला. काल दारातूनच माझी खरडपट्टी काढलीस, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

चहा गाळून ठेवलाय.

बाबा