हाकेआधीची ओ

३ नोव्हेंबर, आटपाडीचा माळ
कित्येक महिने या डायरीत एक ओळही लिहिली नाही. निव्वळ आळस, माफी असावी. आज रडारच्या चाचणीतळावर रुजू झाले. धन्यकुमारने सांगलीहून गाडीने सोडलं, भडंगाचा डबा दिला आणि नवऱ्याला विसरू नको म्हणाला. हवा सुरेख आहे.

काम आवडीचं. रडार हाक मारतं, वस्तूवर आपटून ओ परत येते. शत्रूची पेटी आपलीच हाक साठवते, उशिरा परत फेकते, आणि पडद्यावर नसलेली विमानं दिसतात. मी लिहिलेला प्रोग्रॅम, माझी गाळणी, प्रत्येक हाकेला नवी खूण देते. शिळ्या खुणेची ओ खोटी, ती पुसायची.

तळ सांभाळणारे नानासो माजी सैनिक, मूळचे मेंढपाळ. ऐकून हसले. "आवं मॅडम, ह्यात नवं काय? आमच्यातबी रानातनं आलेल्यानं हाकेबिगर बोलायचं न्हाई. बोलला, तर त्यो आपला न्हवं."

९ नोव्हेंबर
शत्रूच्या पेटीची नक्कल करणारी चाचणीची पेटी आज बंद, कपाटात. तरीही ओढ्याकडे एक ठिपका. गाळणीने पुसला नाही. खूण शिळी नव्हती; पुढच्या हाकेची होती. ती हाक मी अजून पाठवलीच नव्हती.
घड्याळ चुकलं असेल. किंवा मी.

१० नोव्हेंबर
घड्याळ बरोबर आहे. ठिपका जवळ आलाय. नानासोंना बघून यायला सांगितलं. "लांडगा आसंल, लय तर," म्हणत काठी घेऊन गेले. पडद्यावर दोन ठिपके भेटले. परत एकच निघाला. त्याच्यावर पुढच्या हाकेची खूण.

११ नोव्हेंबर
नानासो दारात उभे. मी हाक मारायला तोंड उघडलं, त्याआधीच "ओ" आली. चहा विचारणार, तोच "नगं" म्हणाले.
त्यांना मी पाठवलं. मी स्वतः का नाही गेले?

१२ नोव्हेंबर
धन्यकुमारला फोन केला, इकडे येऊ नको म्हणून सांगायला. तो म्हणाला, मघाशी तूच बोलावलीस की गं, उद्या सकाळी निघतो.
मी बोलावलं नव्हतं.
तेच सांगू लागले, तर हसला. म्हणाला, तेही सांगितलीस, की नंतर नको म्हणेन, मनावर घेऊ नको.
आता फोन उचलत नाही. तळाकडे वळणाऱ्या फाट्यावर एक ठिपका उभा— खूण पुढची—

उद्याचं काम: त्याच्या आधी फाटा गाठायचा, आणि मीच खरी हे त्याला—