बादलीतला समुद्र

३ एप्रिल, सकाळी ६.००
मॅडम महिनाभर बोटीवर, सर्व्हेला. समुद्र संशोधन केंद्राची मदार माझ्यावर. म्हणजे धक्क्यावरून बादली सोडायची, पाण्याचं तापमान मोजून वहीत लिहायचं. एकोणीस वर्षांत या वहीचा एक दिवस चुकलेला नाही. सहाला म्हणजे सहालाच, असं मॅडमनी तीनदा बजावलं. मला सांगायला हवं का? आज २७.८.
संकल्प: समुद्र तापला की मासे-प्रवाळांचं काय होतं, ते मुळापासून समजून घेणार. पर्मनंट व्हायचं तर नुसती बादली ओढून भागणार नाही.

७ एप्रिल, ७.१५
२८.२. प्रवाळांचं पुस्तक उघडलं. दुसऱ्या पानावर डोळा लागला. विषय गहन आहे. तासभर उशिराने समुद्र काही रुसत नाही. वहीत सहाच लिहिलं, रकाना एकसारखा दिसावा म्हणून.

१३ एप्रिल, ९.०५
२८.९! जिवाला चैन नाही. धक्क्यावर चार चकरा मारल्या. होडीवाले काका म्हणाले, साहेब, ऊन किती वर आलंय बघा. भला माणूस, पण विज्ञान वेगळं.
बायकोला सांगितलं, दहा दिवसांत समुद्र एक अंशाने तापला. म्हणाली, आधी वेळेवर उठा. जगावर संकट आलंय आणि हिला माझं अंथरूण दिसतंय!

२१ एप्रिल, ११.४०
बादली वर काढली, तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन मोजलं. ३०.६! या वेगाने वर्षअखेर मासे शिजूनच जाळ्यात येतील. लाल शाईने ग्राफ काढला. खाली माझं नाव, ठळक.

२ मे
मॅडम आल्या. ग्राफ पुढे केला. वहीशी ताडून बघितला. मग विचारलं, रोज सहालाच मोजलंत? मी म्हटलं, वहीत आहे ना. काका दारातूनच म्हणाले, साहेब जेवणाच्या जरा आधी येतात.
ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खुर्ची ओढून बसल्या. बाहेर समुद्रातले प्रवाळ पांढरेफटक पडलेत, स्वतः बुडी मारून बघून आल्यात. एक अंशसुद्धा प्रवाळांना मारायला पुरतो म्हणे, तो किती दिवस टिकला यावर सगळं. बोट पोचेपर्यंत उशीर झाला होता. पाणी कधी तापायला लागलं, ते फक्त आपल्या वहीत सापडलं असतं.
पट्टी मागितली. मी दिली. त्यांनी वहीतल्या एप्रिलवर आडवी रेघ मारली.
मला फार वाईट वाटलं. तसं म्हणालोही. त्यांनी मान हलवली.
उद्यापासून बादली काका सोडणार. ग्राफ मी घरी नेला तरी चालेल, म्हणाल्या.